अर्धा नक्षा

अंगठ्याखालून कागद फर्रकन सुटत गेले आणि मुलगी लंगडली. शिवशरणचा हात जागीच थांबला. त्याने कागदांची चळत टेबलावर ठोकून सारखी केली, डाव्या हातात घट्ट धरली आणि उजव्या अंगठ्याने कड वाकवून पुन्हा सोडली. परकर-पोलक्यातली पेन्सिलीची मुलगी निघाली. उजवं पाऊल झोकात पडलं. मग डावं उचलताना तिचा खांदा खचकन खाली गेला, डावा हात गुडघ्यावर टेकला आणि पाय बाहेरून फिरून, मागे रेंगाळत, कसाबसा जमिनीला लागला. पुन्हा उजवं, झोकात. पुन्हा डावं. असं काही आपण काढलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कागद त्याचे, पेन्सिल त्याची, रेघही त्याचीच, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं. शनिवारची दुपार, खालचे माग बंद झालेले. माग थांबल्यावर कारखान्यात जी बधिर शांतता येते ती कानात भरून राहिली होती. त्या शांततेत तो कागद सोडत बसला आणि ती दर खेपेला त्याच्याकडे येत राहिली, दर खेपेला गुडघ्यावर हात देत राहिली. ती दाक्षायणी होती, त्याची धाकटी बहीण. तिला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

खरं म्हणजे ही मुलगी कोणीच असायची नव्हती. शंकरप्पा मालकांनी पुण्याच्या एका थेटरात साबणाची हलत्या चित्रांची जाहिरात पाहिली आणि गाडी सोलापूरला लागेपर्यंत त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला, की आपल्या चादरीचीही अशी एक फिल्म पाहिजे. मुलगी चालत येते, चादर झटकते, चादरीवरची फुलं उठून नाचायला लागतात. मुंबईच्या कंपनीचा भाव ऐकून भुंगा जरा दमला. मग कोणीतरी आठवण दिली, की आपला नक्षेवाला शिवशरण तरुणपणी मुंबईला असल्याच कुठल्याशा चित्रशाळेत होता. होता खरा, वर्षभर. दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्यांत रंग भरायचा. वडील आजारी पडले म्हणून परत आला तो कायमचा, आणि चादरीच्या फुलांत गुंतला. पण ती अर्धी राहिलेली विद्या त्याने मनात जपून ठेवली होती, इतकी की मालकांनी विचारताच ‘जमेल’ हा शब्द त्याला न विचारता तोंडातून बाहेर पडला. चार चित्रकार घ्यायचं ठरलं. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा रफीक, आणि ड्रॉइंगची परीक्षा दिलेले आणखी तिघं. सोमवारी सकाळी ते यायचे होते, आणि त्याआधी सगळं तयार ठेवायचं काम शिवशरणचं होतं. भिंतीवर गोष्टीची चित्रं ओळीने लागली होती. काचेचं टेबल झालं होतं, खाली दिवा बसवला होता. कागद एकावर एक हलू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडायला हवी होती, ती त्याने मागाला नक्षी सांगणारे जकार्डचे पुठ्ठे पाडायच्या यंत्रावर पाडून घेतली, आणि त्या युक्तीवर तो दोन दिवस स्वतःशीच खूश होता. राहिला होता फक्त मुलीचा नमुना. ती कशी दिसते, कशी वळते, कशी चालते. नमुना एकदा दिला की संपलं. चौघं मिळून शेकडो कागदांवर तीच मुलगी काढणार, आणि कोणाला काही विचारायची सोय उरणार नाही.

नक्षेवाला अख्खा मोर कधी काढत नाही. अर्धा काढतो. चौकटीच्या कागदावर एक डोळा, एक पंख, अर्धी चोच, मधोमध एक सरळ रेघ, की झालं काम. उरलेला अर्धा माग उलटा करून आपला आपण विणतो. एवढी वर्षं शिवशरणने जगातली सगळी फुलं, कलश, हत्ती, कमानी अर्ध्याच काढल्या होत्या. घरी महादेवी, म्हणजे त्याची बायको, त्याला चिडवायची, की तुमी भाकरीसुद्धा अर्धीच बघता, उरलेली हाय असं धरून चालता. मुलीच्या चालीलाही त्याने तोच हिशेब लावला होता. उजव्या पावलाचे कागद काढायचे, काचेवर उलटे ठेवायचे, दिव्याच्या उजेडात गिरवले की डावं पाऊल तयार. पण गुरुवारी वीज गेली. काचेखालचा दिवा विझला, आणि सोमवार तर डोक्यावर बसलेला. म्हणून खिडकीच्या उजेडात, काचेशिवाय, उलटं न करता त्याने डावं पाऊल नुसत्या हाताने काढलं. हाताने ते आपल्याकडचं काढलं. त्याच्या हातात जे डावं पाऊल साठून होतं ते एकच होतं.

जिन्यावर चपला वाजल्या आणि मालक आत आले. त्यांना दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शिवशरणने कागद सोडले. मालकांनी पहिल्यांदा लहान मुलासारखं तोंड उघडलं, दुसऱ्यांदा हसले, आणि तिसऱ्या खेपेला त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आरं, पोरगी लंगडती की रं.” शिवशरण म्हणाला, “तसं वाटतंय खरं.” “वाटतंय काय, लंगडतीच हाय. वर गुडघ्यावर हात बी देती. आपली चादर आनायला लंगडी पोरगी? थेटरात शिट्ट्या मारतील लोक.” मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज मऊ केला. “बाकी झ्याक जमलंय बघ. जिती वाटती. तेवढा पाय सरळ कर. सोमवारी पोरं यायच्या आत. न्हाय जमलं तर सांग, मी मुंबईवाल्यांनाच कळवतो, तुला उगं ताप नको.” शिवशरणने मान हलवली. एवढ्या वर्षांत हाताशी आलेलं हलत्या चित्रांचं हे पहिलंच काम, ते पाय सरळ करण्यावर येऊन थांबलं होतं. यात काही अवघड नव्हतं. उजवं पाऊल उलटं करायचं आणि गिरवायचं, अर्ध्या तासाचं काम.

चळत पिशवीत घालून तो नव्या पेठेतून घराकडे निघाला. गर्दी होती. लग्नाची खरेदी, सायकली, टांगे, कापडाच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाया. आज त्याला माणसांची तोंडं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. कोणाचा पाय आधी टाचेवर पडतो, कोण पंजा बाहेर टाकतो. जो तो आपापली चाल घेऊन बिनघोर चालला होता. याच रस्त्याने एकदा वडील दाक्षायणीला फोटो काढायला घेऊन आले होते. शिवशरण बरोबर होता. दोन वर्षांची असताना तिला ताप आला होता, ताप गेला आणि जाताना पाय घेऊन गेला. तेव्हापासून ती तशीच चालायची, हाताने गुडघा दाबत. त्या दिवशी फोटोवाल्याच्या दारापर्यंत येता येता ती इतकी दमली, की खुर्चीत बसवल्याबरोबर भोकाड पसरून रडायला लागली. वडिलांनी तिला उसाचा रस पाजला आणि कडेवर घेऊन परत आणलं. मग फोटो राहिला तो राहिलाच. घरात तिचं चित्र कुठेही नव्हतं. तिचा चेहरा शिवशरणला कधीचाच आठवेनासा झाला होता. नाकाशी यायचा, डोळ्यांशी पुसट व्हायचा. आवाज मात्र आठवत होता, फरशीवरच्या तिच्या पायाचा. एक पाऊल चट्, आणि मागून दुसरं फर्र. चट्, फर्र. पिशवीतले कागद चालताना एकमेकांवर घासत होते आणि नेमका तोच आवाज करत होते. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग छातीशी धरली. आवाज थांबला, पण आता तो थांबलेला आवाज त्याला ऐकू येत होता.

रविवारी सकाळी न्याहारी झाल्यावर तो खिडकीशी बसला. काचेचं टेबल कारखान्यात होतं. त्याने खिडकीच्या तावदानावरच कागद उलटे लावले आणि उन्हाच्या उजेडात गिरवायला लागला. उजवं पाऊल डावं झालं. खांदा वर आला. हात गुडघ्यावरून सुटला आणि मोकळा हलू लागला. एक एक कागद संपत होता तसतशी त्याच्या मानेवर काटा येत होता, आणि तो का येतोय ते त्याला नीट कळत नव्हतं. वाईट तर काही करत नव्हता. तिचा पाय बरा करत होता. त्या पायाला किती मालिशी झाल्या, किती वैदू झाले, अव्वाने, म्हणजे आईने, किती देवांचे सोमवार धरले. त्या सगळ्यांना जे जमलं नाही ते तो रविवारच्या एका सकाळी पेन्सिलीने करत होता. चळत जुळवून त्याने सोडली. मुलगी सरळ चालत आली. छान चालली, डौलात, वेणी डावी-उजवी सारखी हलवत. आणि ती कोणीच नव्हती. कॅलेंडरवर असते तसली एक मुलगी. त्याच्याकडे बघत ती आली आणि ओळख न देता निघून गेली. दोन्ही चळती त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत ती होती आणि चालू शकत नव्हती. दुसरीत चालत होती आणि ती नव्हती. उद्या रफीकच्या हातात कुठली द्यायची? पहिली दिली तर गाव शिट्ट्या मारणार. दुसरी दिली तर ती दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी त्याच्याच हाताने.

“पोरं उद्या येनार,” महादेवी परात घेऊन जाता जाता म्हणाली, “आन तुमी आजून एकाच पोरीत अडकलाय.” तिने दाक्षायणीला पाहिलं नव्हतं. या घरात ते नाव कोणी घेतही नव्हतं. शिवशरण हसला, आणि हसता हसता त्याला एकदम सुचलं. इतकं सोपं होतं, की त्याने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. मुलीच्या डाव्या खांद्यावर घडी घातलेली चादर द्यायची. जाड, वजनाची सोलापुरी चादर. मग खांदा खाली जाणारच, पाय जड पडणारच. लोकांना लंगडणं दिसणार नाही, वजन दिसेल, आणि मालक तर चादरीचं वजन बघून खूशच होतील. चालणारी मात्र तीच राहील, सगळ्यांदेखत, कोणाला न कळता. त्याने पहिली चळत घेतली, हात गुडघ्यावरून काढून चादरीला लावला, खांद्यावर घडी ठेवली. दुपारभर त्याचा हात भरभर चालला. फार दिवसांनी त्याला गुणगुणावंसं वाटलं. भिंतीपलीकडे शेजारच्या घरातला हातमाग रविवार असून चालू होता, त्याचंही त्याला बरं वाटलं. चळत सोडली. घडी खांद्यावर घेऊन दाक्षायणी आली. चट्, फर्र. ती होती. आता उद्या येणाऱ्यांना नुसतं सांगायचं, डावा खांदा दर पावलाला एवढा खाली. का, ते विचारायचं नाही.

मग त्याला वाटलं, अव्वाला दाखवावं. हे वाटणं इतकं अचानक आलं की तो उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. त्याची आई गौरम्मा आतल्या खोलीत खाटेवर बसून असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस ओळखायची ते येण्याच्या ढबीवरून, तोंड तिला धुक्यात गेल्यासारखं दिसायचं. दाक्षायणीचा विषय निघेलसं वाटलं की ती गळ्यातलं लिंग मुठीत धरायची आणि ज्वारीच्या भावाचं काहीतरी विचारायची. तिला हे दाखवणं बरं की वाईट? त्याला ठरवता येईना. शेवटी तो सरळ चालणारी मुलगी घेऊन आधी गेला. खिडकी उघडली, तिच्या डोळ्यांपुढे चळत धरली आणि सोडली. गौरम्मा मान पुढे काढून बघत राहिली. “कोन पोरगी हाय ही?” “असंच चित्र हाय अव्वा. कारखान्याचं.” “बरी हाय,” ती म्हणाली, आणि हात पुसायला पदर शोधू लागली. शिवशरणला हायसं वाटलं आणि त्याच वेळी राग आला. त्याने चादरीच्या घडीवाली चळत घेतली. त्याचा अंगठा ओला झाला होता, कागद चिकटत होते. त्याने अंगठा धोतराला पुसला आणि कड सोडली.

गौरम्माचा हात उठला आणि हवेत थांबला, पडणाऱ्या पोराला धरायला उठतो तसा. “निधान,” ती म्हणाली. “निधान ग, निधान.” हळू, बाई, हळू. अंगणातून, ओसरीवरून, विहिरीकडे जाताना, दिवसातून शंभरदा अव्वा म्हणायची तो शब्द, घरातल्या कानडीतला. दाक्षायणीनंतर तो शब्द या घरात शिवशरणने ऐकला नव्हता. “पुन्हा दाखव,” गौरम्मा म्हणाली. त्याने दाखवलं. पुन्हा. पुन्हा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, ती फक्त बघत होती, आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. अगदी मालकांना पडली होती तशी. “शिवू, खांद्यावर काय हाय तिच्या?” “चादर हाय अव्वा.” “चादर?” “घडी केलेली.” गौरम्माने त्याचा हात धरला, चळतीसकट. “ओझं दिलास व्हय रं तिला? तिला नुसतं चालवत न्हाई, आन तू वर ओझं दिलास?” मालक, शिट्ट्या, सोमवार हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तिने हात सोडला नाही. “सकाळधरनं ऐकतीया मी,” गौरम्मा म्हणाली. “फर्र फर्र. किती चालवतूस तिला? लई दमली आसंल. बसू दे की जरा.”

बसू दे. शिवशरणच्या हातातली चळत सैल झाली. तो शब्द त्याला दुसऱ्या एका आवाजात ठाऊक होता. त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हातात लिंग देतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. दाक्षायणी नऊ वर्षांची होऊन विषमज्वराने गेली तेव्हा तो चौदाचा होता. दाराशी उभा होता, कोणी त्याला हाकललं नाही. मठातले स्वामी म्हणाले, बसवा तिला, आणि काकांनी तिचे पाय वळवायला घेतले. डावा पाय लगेच वळला, आयुष्यभर वाट पाहत असल्यासारखा मुकाट्याने मांडीत गेला. वळेना तो उजवा. चांगला होता तो. काका त्याला दाबत होते, आणि अव्वा भिंतीशी बसून म्हणत होती, निधान, निधान. ते बघून शिवशरण धावत बाहेर गेला तो नदीच्या रस्त्यापर्यंत गेला. परत आला तोवर तिला बसवून उचलून नेलं होतं. बसलेली ती त्याने पाहिलीच नाही. म्हणूनच त्याच्या डोक्यात ती चालत राहिली. मुंबईत चालली, इथे चालली, अर्ध्या फुलांच्या मागून चालली, आणि आता कागदांवर येऊन चालत होती. तिला थांबवायचं असतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. पाय सरळ करावा की वाकडा ठेवावा, एवढाच वाद तो दोन दिवस घालत होता.

संध्याकाळच्या उजेडात त्याने चौकटीचा कागद घेतला, नक्ष्याचा. मधोमध सरळ रेघ मारली, आणि मुंबईत शिकलेलं सगळं बाजूला ठेवून एवढी वर्षं जे करत आला तेच करायला बसला. अर्धी वेणी. अर्धं कपाळ, त्यावर भस्माची अर्धी रेघ, मग ती खोडून अर्धी टिकली. एक डोळा. एक खांदा, वर नाही, खाली नाही. परकराचा घोळ. आणि घोळाखाली एक पाय, उजवा, मांडी घातलेला. या पायाशी त्याचा हात अडला. पेन्सिल नुसती कागदावर टेकून तो थांबला. त्याने घाई केली नाही. रेघ आपण होऊन वळेपर्यंत तो बसून राहिला, आणि केव्हातरी ती वळली. मग तावदानाशी उजेड होता तोवर कागद रेघेवर दुमडून त्याने उरलेला अर्धा गिरवला आणि उलगडला. दोन्ही पाय त्या चांगल्या पायासारखेच झाले होते. दोन्ही डोळे त्याच्याकडे बघत होते. नाक, ओठांची मुरड, हनुवटीवरची खळी. हा चेहरा त्याला हवा असताना कधी आला नव्हता. त्याने कागदाची दुमड तळहाताने हळूच सपाट केली.

उद्या चौघांना सांगायचं, ही मुलगी बसलेली आहे. हिला हलवायचं नाही, हात लावायचा नाही. हिच्यापुढे चादर पसरलेली आहे, तिच्यावरची फुलं तेवढी उठतील आणि चालतील, ती काढा. मालक ओरडतील. मुंबईवाल्यांना कळवतीलही, आणि कळवलं तर हे काम गेलं, पुन्हा येणार नाही. ते दुःख त्याला आतापासूनच होत होतं, खोटं कशाला बोला. पण मालकांकडे न्यायचं तर हेच चित्र न्यायचं होतं. चालणाऱ्या दोन्ही चळती त्याने एकावर एक ठेवल्या, मागाच्या सुताने आडव्या-उभ्या बांधल्या आणि गाठ मारली. बांधताना कागद एकदाच घासले आणि गप्प झाले. महादेवीने दिवा लावला. शेजारचा हातमाग थांबला होता.

“शिवू,” आतून गौरम्माने विचारलं. “बसली का रं?”

“व्हय अव्वा,” तो म्हणाला. “बसली.”